गज टण्ण वाजला पाहिजे

३ सप्टेंबर, बुधवार
बायकोने, वर्नाने, ही वही आणून दिली. बंदुकीला हात लावलास की लिहायचं, म्हणाली. मला वाटतं तिला उशिरा का होईना माझं महत्त्व पटलं. जोसायाची बंदूक म्हणजे साधी चीज नाही. आमचे खापरपणजोबा जोसाया ती खांद्यावर टाकून अमेरिकेच्या यादवी युद्धात गेले आणि तिच्यासकट जिवंत परत आले. ठासणीची, दीडशे वर्षांची, आणि अजून सरळ मारते. चुकत असेल तर माणूस.

४ ऑक्टोबरला सामना. पाचजणांची टीम, टांगलेली मातीची भांडी, आणि घड्याळ. गेल्या वर्षी चार सेकंदांनी हरलो. यंदा कप आपला. रोज सराव, रोज नोंद.

७ सप्टेंबर, रविवार
(मधले तीन दिवस गुडघा दुखत होता.)

क्लबात सराव. दारू न घालताच गोळी ठासली. या उन्हाळ्यात तिसऱ्यांदा. कारण स्पष्ट आहे: माझ्या शेजारी उभा राहणारा ऑरिन बोलत होता. माणूस बंदूक भरत असताना त्याच्याशी बोलायचं नसतं, हा आमच्या रांगेतला पहिला नियम. ऑरिन म्हणाला, "अरे डेलबर्ट, मी तर ट्रकमध्ये कॉफी घेत होतो." असेल. पण त्याआधी बराच वेळ बोलला होता. त्याचा परिणाम टिकतो.

अडकलेली गोळी त्यानेच स्क्रू घालून ओढून काढली. अर्धा तास लागला. चर्चमधलं गाणं गुणगुणत होता, एका शब्दाने कुरकुरला नाही. आख्ख्या क्लबच्या बंदुकांचे चाप-घोडे त्याच्याच बोटांखालून जातात. मग ठासायचा लोखंडी गज नळीत सोडला. रिकाम्या नळीत लोखंडावर लोखंड आपटून टण्ण वाजतं. भरलेली असेल तर नुसतं थप्प. टण्ण वाजलं, असं तो म्हणाला. मलाही तसंच वाटलं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार
टीमचा कॅप्टन मलिन्स घरी आला. ॲपल पायचे दोन तुकडे खाल्ले आणि मग म्हणाला, यंदा तुम्ही घड्याळ सांभाळा. म्हणजे मला राखीव ठेवलंय. हुकमाचा पत्ता कोणी आधी टाकत नाही. हे वर्नाला सांगितलं तर तिला खोकल्याची उबळ आली.

वाईट वाटलं हे खरं. माझ्या तुकड्याची चवही कळली नाही.

२१ सप्टेंबर, रविवार. दुपारी ४.१०
घरामागे ओंडक्यावर पाच डबे मांडलेत. पाचच्या पाच पाडायचे आणि मलिन्सला फोन करायचा. दारू घातली. (घातली! बघून लिहितोय.) गोळी ठासली. इतक्यात वर्नाची हाक, मक्याचा पाव गार होतोय. बंदुकीवर ठिणगी पाडणारी टोपी चढवलेली नाही, म्हणजे धोका नाही. खाऊन येतो.

६.३०
घेवडा फक्कड झाला होता. डुलकी लागली.

२२ सप्टेंबर, सोमवार
बंदुकीच्या दस्त्याला जवसाचं तेल लावून ती भिंतीवर टांगली. नळीचा तपकिरी रंग नव्या पोरांसारखा घासून काढायचा नाही. ते दीडशे वर्षांचं वय आहे, गंज नव्हे. वर्नाने विचारलं, "म्हाताऱ्या, काल आवाज कसा आला नाही रे?" तिचेच कान आता पूर्वीसारखे राहिले नाहीत. माझं कानातलं यंत्र खणात आहे, कारण मला त्याची गरज नाही.

२८ सप्टेंबर, रविवार. दुपारी
ओंडक्यावर कोणीतरी डबे मांडून ठेवलेत. बरं झालं.

आधी गज सोडून पाहिला. टण्ण वाजलं असावं, वारा फार होता. दारू घातली. गोळी मात्र वीतभर वरच अडली. उन्हाळ्याची काजळी, दुसरं काय. दोन ठोके दिले, हलेना. बसली म्हणायची. टोप्यांची डबी स्वयंपाकघरात राहिली, म्हणून आणायला आत आलो.

आत वर्ना बटाटे सोलत होती. तिला मदत केली. संसार असा असतो.

४ ऑक्टोबर, शनिवार
लिहवत नाही. तरी लिहितो, कारण उद्या लोक वाटेल ते बोलतील.

शेवटच्या फेरीआधी ऑरिनच्या बंदुकीची स्प्रिंग तुटली. मी रॅकवर ठेवलेली जोसायाची पुढे केली. अख्ख्या क्लबात असं मन कोणाचं आहे? त्याने हातात घेतली आणि गज उपसला, नळीत सोडून बघायला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हणालो, एकतीस वर्षं खांद्याला खांदा लावून उभे राहिलो, आणि आज तू माझी बंदूक तपासणार? मी घरी बंदूक भरत नाही. चाळीस वर्षांत भरलेली नाही. सगळी रांग बघत होती. वर्ना खुर्चीतून अर्धी उठली होती.

ऑरिनने माझ्याकडे पाहिलं. गज परत खोचला. "तू म्हणतोस तर," म्हणाला.

भरण्याआधी आम्ही नुसती टोपी उडवतो, नळीचं तोंड गवताकडे धरून. पातं हललं म्हणजे वाट मोकळी. ऑरिनने टोपी चढवली आणि चाप ओढला. नळी मधोमध फुटली. डावा हात तिथेच होता.

५ ऑक्टोबर, रविवार
दोन बोटं गेली. तिसरं राहील म्हणतात.

मलिन्स म्हणतो, बंदुकीत दोन बार होते, एकावर एक, आणि मध्ये पोकळी. अशक्य. माझ्या मते:
जुनं लोखंड थकतं.
किंवा रॅकवर असताना कोणीतरी तिच्याशी छेडछाड केली. समोरच्या बेअर फोर्क टीमची माणसं तिथेच घुटमळत होती.
किंवा टोप्याच नव्या, फार जोरकस.

शनिवारी क्लबाची बैठक आहे. मी चौकशी मागणार आहे. पुरावा माझ्याकडे आहे: ही वही. बंदुकीला केव्हा हात लावला, सगळं तारीखवार. असं दुसऱ्या कोणाकडे असेल तर दाखवा.

१० ऑक्टोबर, शुक्रवार
ऑरिन घरी आला. हाताचं बँडेज पावाएवढं. आधी त्यालाच वही ऐकवावी, म्हणजे त्याच्या मनात किंतु राहणार नाही. चष्मा सापडेना, म्हणून वर्नाला वाचायला सांगितलं.

मलिन्सच्या ॲपल पायपर्यंत ती नीट वाचत होती. ऑरिन हसलासुद्धा. मग २१ तारीख आली. ती दोनदा वाचून थांबली. मग २८. पुढे तिने वाचलं नाही, वही मिटली आणि तिच्यावर हात ठेवून बसली.

अक्षर माझंच आहे.

मग ऑरिन म्हणाला, "जाऊ दे डेलबर्ट. गज मी टाकायलाच हवा होता." काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, हो, टाकायला हवा होतास. नियम आहे.

तो एका हाताने कोट चढवू लागला. वर्नाने त्याची बटणं लावून दिली आणि ट्रकपर्यंत सोडायला गेली.

११ ऑक्टोबर, शनिवार
बैठकीला गेलो नाही. गुडघा.

काल बोललो ते चूक होतं. माझ्यासाठी त्याने गज परत खोचला, माझा मान राखायला. हे त्याला सांगायचं आहे. मला लाज वाटते. उद्या चर्चनंतर फोन करायचा. नक्की.

१५ ऑक्टोबर, बुधवार
भिंतीवर दोन खिळे रिकामे आहेत. वर्नाला विचारलं, जोसायाची कुठे आहे. ती उठून दुसऱ्या खोलीत गेली.

ऑरिनला फोन करायचा आहे, एवढं लक्षात आहे. कशासाठी, ते मागच्या पानावर असेल. मागची पानं मी वाचत नाही.