पाचवा डबा

प्रिय चिमणे,

रविवारी फोनवर तू म्हणालीस, "बाबा, मी मजेत आहे," तेव्हापासून माझं कशात लक्ष लागत नाही. का, ते शेवटी सांगतो. आधी घरची खबर घे.

फ्रिज मस्त चाललाय. दुकानही. गिऱ्हाईक मिक्सर घेऊन आलं की नुसता आवाज ऐकून मी सांगतो, बेअरिंग गेलंय. लोकांना वाटतं म्हाताऱ्याला सिद्धी आहे. सिद्धी कसली! एका पान्यावर धंदा उभा केला, कानांच्या जिवावर पोट भरलं.

तुला आठवतं? दर पहिल्या तारखेला मी घरातल्या यंत्रांना कान लावत फिरायचो आणि आई डबे घेऊन माझ्या मागे. फ्रिज, पंप, वॉशिंग मशीन आणि गळकं छप्पर, प्रत्येकाचा एकेक डबा. "पंप फार तर सहा महिने काढेल," असं मी म्हटलं की त्या डब्यात दोन नोटा जास्त पडायच्या. अचानक खर्च आला म्हणून आपल्या घरात कुणी कपाळाला हात लावला नाही. आत्या चिडवायची, "तुमच्याकडे संकटंसुद्धा वेळ ठरवून येतात गं वहिनी!"

आई गेली त्या वर्षी ती जिन्यात चौथ्या-पाचव्या पायरीला थांबायला लागली. मी म्हटलं, "बाईसाहेब, इंजिन धापा टाकतंय." ती म्हणाली, "मग तपासा की. माझा डबा कुठंय?" दोघंही हसलो. त्याच आठवड्यात फ्रिजचा कॉम्प्रेसर घरघरला. डबा तयारच होता, दोन दिवसांत नवा बसवला. तिचं मात्र "पुढच्या महिन्यात बघू" झालं. पुढच्या महिन्यात डॉक्टर म्हणाले, हृदयाची झडप कधीचीच खराब झालीय, थोडं आधी आणलं असतं तर... चारही डबे पालथे केले, पण तोवर उशीर झाला होता.

तुला मी सांगितलं, सगळं अचानक झालं. अचानक नव्हतं गं. मला ऐकू आलं होतं. आता फ्रिज सुरू झाला की मी स्वयंपाकघरातून उठून जातो.

रविवारी तू जिना चढता चढता बोलत होतीस. "मी" म्हणालीस, थांबलीस, श्वास घेतलास, मग "मजेत आहे." तो श्वास माझ्या ओळखीचा आहे. माझे कान आजवर चुकले नाहीत, या खेपेला चुकावेत. हे पत्र ज्यात मिळालं तो पाचवा डबा. त्यावर तुझं नाव घातलंय, चारही डब्यांतलं त्यात ओतलंय. फ्रिज बंद पडला तर पडू दे. पुढच्या महिन्यात म्हणू नकोस, उद्याच जा. आणि डॉक्टर काय म्हणाले ते मला फोनवर सांग. जिन्यात नको, नीट बसून सांग.

तुझाच,
फोनपाशी कान लावून बसलेला
बाबा