स्वयंपाकघरातले बूट

प्रिय आमोद,

काल मी फोन मध्येच ठेवला, त्याचा राग आला असेल तर येऊ दे. "आई, कसबा पेठ पुरे आता. वारज्याला ये, इथे खाली उतरायचीसुद्धा गरज नाही," हे तुझं पुन्हा सुरू झालं होतं. खाली उतरायची गरज नाही, हेच तर मला नको आहे.

खिळ्याचं मी विसरलेले नाही. मंडईतून चपलेत खिळा घेऊन घरापर्यंत चालत आले आणि फरशीवर रक्त दिसलं तेव्हा मला कळलं. दुखलंच नाही रे. त्या न दुखण्याचीच जास्त भीती वाटली. जखम होती तोवर तू मला खुर्चीतून हलू दिलं नाहीस, ते योग्यच होतं. पण जखम भरली, डॉक्टरांनी चालायला सांगितलं, तरी तुझी खुर्ची काही सुटेना.

म्हणून खालच्या मजल्यावरच्या पूर्णिमाला घेऊन मी लक्ष्मी रोड गाठला. मुद्दाम संध्याकाळी, तोवर पाय थोडे सुजतात. सकाळी नीट बसणारा बूट संध्याकाळी चावतो, आणि मला तर चावलेलंही कळत नाही. दुकानदाराने मऊ सपाता पुढे केल्या. "आजी, तुमच्या वयाला हेच बरं."

"मी वय दाखवायला आले नाही, पाय दाखवायला आलेय," मी म्हटलं.

पुठ्ठ्यावर दोन्ही पावलं आखून, कापून नेली होती. प्रत्येक बुटात पुठ्ठा सरकवायचा. कडेला दुमडला की बूट परत. पुढून रुंद, आत टोचणारी शिवण नाही, टाच धरून ठेवणारा, आतून गादी पण तळ भक्कम, असा बूट बायकांच्या विभागात एकही नव्हता. शेवटी पुरुषांच्यात मिळाला. काळा, नारिंगी पट्ट्यांचा. साडीखाली तो बघून पूर्णिमा रस्ताभर हसत होती. हसू दे.

घरात घालायला वेगळा जोड घेतला. स्वयंपाकघरात बूट बघून तुझ्या काकूने नाक मुरडलं. मी म्हटलं, "यांनी रस्ता पाहिलेला नाही, तुमच्या पायांनी पाहिलाय." गणपतीला हल्ली दारातूनच नमस्कार करते. तो अजून तरी काही बोललेला नाही. रोज बाहेरच्या बुटात हात फिरवून खडा-बिडा नाही ना बघते, मग पाय घालते आणि शनिवारवाड्याला फेरी मारून येते.

आता खरं काय ते. काल तुझ्यानंतर नम्रताचा फोन आला. तिच्यावर चिडू नकोस, रडत होती बिचारी. माझ्यासारखी तुझीही साखर वाढल्याचं तुला दिवाळीपासून माहीत आहे, तळवे बधिर होतात, आणि तू बायकोलाही परवापर्यंत सांगितलं नाहीस! मला खुर्चीत बसवायची तुझी एवढी घाई का, ते तेव्हा कळलं. माझ्या पायाकडे बघताना तुला तुझाच पाय दिसत होता. मग नीट बघ ना. हा पाय चालतोय. शनिवारी मी वारज्याला येतेय. राहायला नाही, तुला डॉक्टरांकडे न्यायला. वेळ घेऊन ठेवली आहे. बसने येईन, स्टॉपपासून चालत. गाडी पाठवू नकोस.

तुझीच,
आई