नमस्काराला उत्तर

२ मार्च, सोमवार

आज सौजन्याचा धडा! चर्चच्या मागच्या खोलीत इंग्रजी शिकणारे अकरा विद्यार्थी, सगळे चाळिशीच्या पुढचे, सीमेपलीकडच्या खेड्यांतून इथे अमेरिकेत कामाला आलेले. 'प्लीज', 'सॉरी टु बॉदर यू', 'आय होप यू आर वेल'. मग फोनवरची आद्याक्षरं: 'टी-वाय' म्हणजे आभार, 'ए-एस-ए-पी' म्हणजे ताबडतोब. आमच्या संस्कृत सूत्रकारांनीही हेवा करावा इतकी काटकसर.

फिदेन्सिओ घरांवर छपरं घालतो. म्हणतो, "मास्तर, हे गोरे एवढा वेळ वाचवतात, तो ठेवतात कुठे?"

ओतिलियाबाईंनी 'ए-एस-ए-पी' वहीत उतरवलंच नाही. "हे माणसाला लिहायचं? गाढव हाकल्यासारखं?"

गृहपाठ: मला फोनवर एक सभ्य इंग्रजी निरोप.

४ मार्च, बुधवार

अकराही निरोप आले. 'गुड मॉर्निंग, टीचर. हाउ आर यू?' बहुतेकांचं एवढंच. प्रत्येकाला अंगठ्याची खूण पाठवून मोकळा झालो.

५ मार्च, गुरुवार

वर्गाला ओतिलियाबाई नाहीत. त्या हारलन आजींच्या घरी राहून त्यांचं सगळं बघतात. आजींना साखरेचा आजार. मुलगा ब्रेंट ह्यूस्टनला असतो. त्याचा हुकूम: काही असलं तर मेसेज कर, मला विचारल्याशिवाय डॉक्टर नाही. आधीच्या बाईने आपणहून रुग्णवाहिका बोलावली, तर दुसऱ्या दिवशी तिची पिशवी दाराबाहेर!

वर्गाला दांडी, पण अभ्यास चालू — आजही त्यांचा सभ्य निरोप आला. बाकीच्या दहांनी शिकावं!

९ मार्च, सोमवार



वर्गात आल्या आल्या फिदेन्सिओ म्हणाला, "ओतिलियाबाई दुकानात रडत होत्या, मास्तर. काय झालं विचारलं, तर म्हणाल्या, काही नाही, तू कसा आहेस?"

वर्ग सोडून दिला आणि तडक हारलन आजींच्या घरी गेलो. ओतिलियाबाईंनी दार उघडलं. डोळे सुजलेले. तरी मला स्वयंपाकघरात बसवलं, कॉफी ओतली, माझी पाठ कशी आहे, बहिणीचं पत्र आलं का — सगळी चौकशी. मी "सगळं ठीक" म्हणालो, तेव्हाच त्यांनी कप खाली ठेवला आणि मनगट धरून मला आतल्या खोलीत नेलं.

आजींच्या उजव्या पायाचं बोट कोळशासारखं. लाली घोट्यापर्यंत चढलेली. वास!

"कधीपासून?"

"मंगळवारी सकाळी मोजे घालताना दिसलं. तेव्हा टोकच काळं होतं."

"मुलाला कळवलं नाहीत?"

"कळवलं ना! चारदा."

फोन पुढे केला. 'गुड मॉर्निंग, मिस्टर ब्रेंट. हाउ आर यू?' 'गुड मॉर्निंग, मिस्टर ब्रेंट. आय होप यू आर वेल.' तसेच आणखी दोन. माझ्याच फळ्यावरून उतरवलेले, काना-मात्रेचीही चूक नाही.

"आणि पायाचं कुठे आहे?"

"त्यांचं उत्तर कुठे आलंय अजून?" मलाच समजावल्यासारखं म्हणाल्या. "माणूस 'बरा आहे' म्हणायच्या आत त्याच्या आईचा सडका पाय त्याच्या तोंडावर टाकायचा? दार उघडलं नाही, मास्तर. घुसायचं कसं?"

तीस वर्षं या माणसांत काढली. भाजीवालीसुद्धा माझी खुशाली ऐकल्याशिवाय टोमॅटोचा भाव सांगत नाही. आणि मी फळ्यावर पहिली ओळ लिहून दिली, दुसरी लिहिलीच नाही!

फोन हिसकावला. 'तुमच्या आईचा पाय काळा पडलाय. ए-एस-ए-पी फोन करा.' त्यांनी माझा हात धरला. "निदान प्लीज तरी घाला हो." घातलं. पाठवलं.

मिनिटाच्या आत फोन वाजला.

१० मार्च, मंगळवार

दोन बोटं काढली. पाऊल राहील की नाही, दोन दिवसांत कळेल. डॉक्टरीण म्हणाली, चार-पाच दिवस आधी आणलं असतं तर औषधांवर भागलं असतं.

ब्रेंट पहाटेच गाडी हाकत आला होता. रुग्णालयाच्या बोळात ओरडला, "आठवडाभर काय करत होतीस?"

ओतिलियाबाई खाली मान घालून म्हणाल्या, "तुम्हाला नमस्कार करत होते."

मग मीच तोंड उघडलं. चार नमस्कार आणि एकालाही उत्तर नाही? दोन शब्द टाईप करायला बोटं झिजतात? त्याच्याच इंग्रजीत, उत्तम व्याकरणासह. त्याने नजर खाली वळवली. मला फार बरं वाटलं.

१२ मार्च, गुरुवार, दुपार

पाऊल काढलं. ओतिलियाबाईंना कामावरून काढलं.

१२ मार्च, संध्याकाळ

वर्गाला आल्या. वही उघडून पहिल्या बाकावर. सगळे गेल्यावर मी थोडा रागावूनच विचारलं, "ओतिलियाबाई, त्याला कसं लिहायचं ते मला विचारायचंत की! मी होतो ना?"

त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग वही मिटली. "तुम्ही कामात असाल, मास्तर."

१३ मार्च, शुक्रवार

फोन उघडून ओतिलियाबाईंचे निरोप पाहिले. पहिला निरोप तीन तारखेचा, मंगळवार, सकाळी सात दहा. शेवटचा रविवारचा. 'गुड आफ्टरनून, टीचर. सॉरी टु बॉदर यू. हाउ आर यू?' प्रत्येकाखाली माझा अंगठा.

ब्रेंटला चार आले होते. मला सहा.