पाळणाघरासाठी जंगी सामना

९ नोव्हेंबर

कस्तुरामावशी आल्या होत्या. आत या म्हणलं तरी उंबऱ्यावरच बसल्या. दिवाळीआधीच्या वादळात त्यांच्या पाळणाघराचे पत्रे उडाले. कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जाणाऱ्या बायांची लेकरं तिथं असतात. सरकारी काही नाही, सगळं मावशींच्या जिवावर. मी बारशा-लग्नात गात फिरत होते तेव्हा माझ्या शुभदाला त्यांनीच सांभाळलं. आता लेकरं उन्हात.

म्हणाल्या, गाण्याचा कार्यक्रम ठेवू, लोक ऐकायला येतील अन् पाळणाघराला देतील. मी म्हणलं, एक पैसा घेणार नाही, गाते. मग हळूच म्हणाल्या, एकटीनं नाही. सवाल-जवाबाचा सामना ठेवायचा. समोर सिद्धोधन. दोघांचे चाहते इरेला पेटले की हात सैल सुटतो.

सिद्धोधन!

मी लगेच हो म्हणाले. मावशींचे डोळे भरून आले. त्यांना वाटलं, मी लेकरांसाठी म्हणाले.

१० नोव्हेंबर

झोप नाही. लिहूनच काढते एकदा.

सिद्धोधननंच मला गाणं शिकवलं. मी दादा म्हणायचे त्याला. त्याच्या गायन पार्टीत मागं बसून कोरस करायचे, मग त्यानंच पुढं बसवलं. भीमजयंतीच्या दिवसांत आम्हाला घरी पाठ टेकायला वेळ नसायचा – आज पूर्णा, उद्या मानवत, परवा जिंतूर. शुभदा झाली आणि मी लवकर उठले बाळंतपणातून. अंगात ताप होता. देवगाव फाट्याला कार्यक्रम. वरच्या सुराला गळा फाटला. कुणाचा फाटत नाही? पण ह्यानं भर गाण्यात पेटीवरचा हात उचलला, माईक ओढला आणि हजार लोकांत म्हणाला, "बाईचा गळा आता पाळणा हलवण्याजोगाच राहिला."

लोक हसले. असे हसले की मंडप हलला. कुणीतरी मोबाइलवर घेतलं, ते गावोगाव गेलं. नंतर मला मोठ्या कार्यक्रमाची एकही सुपारी आली नाही, बारसं-लग्नं तेवढी उरली. लोक रस्त्यात हातानं पाळणा हलवून दाखवायचे.

चार वर्षं मी त्याच्या तोंडून ते वाक्य काढून त्याच्याच घशात घालायची वाट बघतेय.

१३ नोव्हेंबर

महारुद्रभाऊ आले. ढोलकी वाजवतात – त्याच्याकडेही, माझ्याकडेही. पोटासाठी दोन्हीकडे. सहज बोलता बोलता म्हणाले, दादाचा वरचा सूर गेलाय. आता खालच्या पट्टीत, काळी एकमध्येच गातो. वर जायची वेळ आली की कोरसला खूण करतो, पोरं ओरडून झाकून घेतात.

मी चहा ओतत होते. थेंबही सांडला नाही. मला माझंच नवल वाटलं.

माझी पट्टी काळी चार, त्याच्याहून कितीतरी वर.

१४ नोव्हेंबर

मावशींना अट सांगितली. ज्या पट्टीत सवाल, त्याच पट्टीत जवाब. कोरसनं मध्ये तोंड घालायचं नाही. मावशींना सुरातलं काही कळत नाही. म्हणाल्या, तुमचं तुमी ठरवा, मला पत्रे पायजेत.

माझ्या नवऱ्यानं, बालाजीनं मात्र ओळखलं. टेम्पोचं चाक खोलत बसला होता, वर न बघता म्हणाला, "मारायलीस का त्याला?"

मी म्हणलं, गाणं म्हणायलेय.

१७ नोव्हेंबर

अट त्यानं कबूल केली! घमेंडच तेवढी. नाही म्हणला असता तर सगळ्या जिल्ह्यात झालं असतं की बाईला भ्याला.

त्याच्या गावचे, ताडकळसचे चाहते जोरात आहेत. परमेश्वर म्हणून एक त्यांचा पुढारी. सामन्याआधीच त्यांनी नवेकोरे पत्रे आणून मावशींच्या जागेवर उतरवले. वर बोर्ड – सिद्धोधनदादा चाहता मंडळाकडून. माझ्या बाजूच्या बाया चिडल्या. त्यांनी सतरंज्या, पाण्याची टाकी, पंखे कबूल केले. मावशी नुसत्या इकडून तिकडं पळायल्यात, हसायल्यात.

मी रोज रियाज करतेय. शुभदा कानावर उशी धरून बसते.

२४ नोव्हेंबर

झालं.

सामना दुपारीच होता, लेकरं असतात म्हणून. जिनिंगसमोरचं मैदान भरलं. पुढच्या सतरंज्यांवर कामावरच्या बाया, मांडीवर लेकरं. डावीकडं त्याची माणसं, उजवीकडं माझी. मंचावर चढताना त्यानं मला जय भीम घातला. मीही घातला. केस पिकलेत त्याचे.

पहिला सवाल त्याचा, काळी एकमध्ये. बाबासाहेबांच्या बॅरिस्टरकीवर गायला. चांगला गायला, खोटं कशाला लिहू. मी खालच्या पट्टीत कसाबसा जवाब दिला. मग त्यानं चिमटा काढला –

"गाजत आली, वाजत आली, शेला जरीचा भारी,
गळा मात्र विसरून आली चुलीपाशी घरी!"

त्याचे लोक उभे राहिले. माझ्या डोळ्यांपुढं देवगाव फाटा आला. आता सवालाची पाळी माझी होती. मी पेटीवाल्याला खूण केली. काळी चार. आणि सोडला आवाज.

"चुलीवरती तापला गळा, सोनं झालं त्याचं,
ये वरती, घे कसोटी, सोनं दाखव तुझं!"

'वरती' शब्द मी जिथं नेऊन ठेवला तिथं चार वर्षांत गेले नव्हते.

त्याला जवाब द्यायचा होता. त्यानं कोरसकडं बघितलं. कोरसनं माना खाली घातल्या – अट होती. त्यानं सूर लावला. पहिली ओळ गेली. दुसऱ्या ओळीला वर चढला आणि फाटला. सरळ फाटला, जुन्या धोतरासारखा. खोकला आला. पुन्हा लावला. पुन्हा फाटला.

मी पेटीवाल्याच्या हातावर हात ठेवला. पेटी थांबली. माईक तोंडाशी घेतला. किती वेळा घरात म्हणून बघितलं होतं ते!

"दादा," म्हणलं, "गळा आता पाळणा हलवण्याजोगाच राहिला."

लोक हसले. तसेच हसले. त्याच्याकडचेसुद्धा काही हसले. तो खाली बघत होता. मला वाटलं होतं तेवढं गोड लागलं. त्याहून गोड लागलं.

पुढं रेटारेटी. परमेश्वरनं बॅनर फाडला, खुर्च्या उडाल्या, त्याची सगळी माणसं उठून गेली. देणग्यांचे पुकारे व्हायचे होते, ते राहूनच गेले.

एक गोष्ट. पुढं बसलेल्या बाया हसल्या नाहीत. एकही नाही.

२५ नोव्हेंबर

सकाळपासून फोन. गंगाखेडहून, सोनपेठहून सुपाऱ्या. त्याचा फाटलेला सूर सगळ्यांच्या मोबाइलवर. मीही बघितला. पुन्हा पुन्हा बघितला.

२६ नोव्हेंबर

परमेश्वरच्या पोरांनी पत्रे परत नेले. दिलेलं दान परत! बोर्डासकट. आणि नेले कशात? बालाजीच्या टेम्पोत. मी तोंडाला येईल ते बोलले त्याला. तो हात धूत म्हणाला, "भाडं आलं, नेलं. तू काय नेलंस ते बघ."

जेवले नाही.

२८ नोव्हेंबर

मावशींकडे गेले. लेकरं लिंबाखाली. सावली सरकली की मावशी एकेक लेकरू उचलून सरकवतात. माझ्या बाजूच्यांनी सतरंज्या दिल्या, पंखे दिले. पण छतच नाही, पंखे टांगायचे कशाला? काही बायांनी लेकरं कामावर न्यायला सुरुवात केलीय. एक रांगतं लेकरू कापसाच्या गाडीच्या चाकाशी खेळताना दिसलं. त्याची आई लांबून ओरडत पळत आली.

मावशी मला बोलतील म्हणून तयारीनं गेले होते. त्यांनी आधी पाणी दिलं. मग एका लेकराचं नाक पुसत म्हणाल्या, "सुकेशनी, त्यानं एकदा पाळण्याची शिवी केली, तू दुसऱ्यांदा केली. अन् आमी पाळण्याच्याच बाया समोर बसलेलो."

सवाल-जवाब गाणारी मी. पेला विसळून ठेवला आणि निघाले.

तरी पश्चात्ताप म्हणावा तर नाही. खरं लिहायचं ठरवलंय तर लिहिते – नाही.

६ डिसेंबर

विहारात बाबासाहेबांना अभिवादन. त्याच्याकडची आणि माझ्याकडची माणसं वेगवेगळ्या वेळी आली. मावशींनी मेणबत्ती लावली आणि माझ्याकडं न बघता गेल्या.

९ डिसेंबर

ताडकळसला गेले. सेलूहून रेल्वेनं परभणी, तिथून बस. बाजाराचा दिवस, गाडीत कोंबड्या आणि माणसं सारखीच.

त्याच्या बायकोनं, गीताबाईनं दार उघडलं. बघतच राहिल्या. मग बाजूला झाल्या. तो खाटेवर पेटी पुसत बसला होता.

"हसायला आलीस का मागायला?"

"पत्रे मागायला."

म्हणाला, पत्रे पोरांचे आहेत, माझे नाहीत. मी म्हणलं, तुमच्या एका शब्दावर परत येतील. तो म्हणाला, हो, येतील. जाताना अडवलं असतं तरी थांबले असते. अडवलं नाही. माझी खुशी!

किती मनापासून सांगितलं त्यानं ते. मला आरशात बघितल्यासारखं झालं.

"माफी माग," म्हणाला. "माईकवर."

"आधी तुमी. देवगाव फाट्याची."

त्यानं पुन्हा पेटी पुसायला घेतली. गीताबाईंनी दोघांपुढं चहा ठेवला आणि म्हणाल्या, पिऊन घ्या, तुमच्या दोघांच्या इज्जतीपायी लेकरं उन्हात बसलीत. आणि आत निघून गेल्या. चहा प्यायले. रिकाम्या हातानं परत आले.

११ डिसेंबर

मावशींना सगळं सांगितलं. वाटलं, आता तरी चिडतील. त्यांनी एका लेकराला सावलीत सरकवलं. मग म्हणाल्या, भांडण मिटवायला कुणी सांगितलं तुला? मिटवू नका. लोक भांडणालाच येतेत. आणखी एकदा भांडा. ह्या बारीला त्याच्या गावात, त्याच्या पट्टीत. पण पत्रे आधी.

मी साधी म्हणत होते ह्या बाईला!

१५ डिसेंबर

मावशींनी ताडकळसला स्वतः जाऊन निरोप दिला – सिद्धोधन भ्याला असं सेलूच्या चौकात बोर्डावर लिहू का? संध्याकाळच्या आत परमेश्वरचा फोन. पत्रे परत आले. बालाजीच्याच टेम्पोत. बालाजी खूश, दोन्हीकडचं भाडं मिळालं.

मावशींची एक अट दोघांना. पाळण्याचं नाव शिवी म्हणून काढायचं नाही. काढलं तर माईक बंद.

११ जानेवारी

ताडकळसचा सामना. त्याची माणसं, त्याचं मैदान, त्याची काळी एक. तीन आठवडे खालचे सूर घासले, तरी माझा आवाज तिथं बुडतो. माहीत होतं. सेलूच्या बाया दोन टेम्पो भरून आल्या होत्या, लेकरांसकट.

चौथ्या सवालाला त्यानं मला गाठलं. आवाज खाली उतरवत नेला, नेला – विहिरीत पोहरा सोडावा तसा. मागोमाग जायचं होतं. गेले. तळाशी माझ्या तोंडून नुसती हवा निघाली.

त्यानं पेटी थांबवली. अख्खा मंडप वाट बघायला लागला. परमेश्वर तर खुर्चीवर उभा राहिला. मी मान ताठ ठेवली. अट असो नसो, तो बोलणार. माईक बंद झाला तरी त्याचं ओरडणं ऐकू जाईल. मी असते तर बोलले असते.

त्यानं माझ्याकडं बघितलं. घसा खाकरला. आणि पेटीवर बोटं ठेवून पुढचं गाणं सुरू केलं. काहीच बोलला नाही. लोकांना कळेना. मला तर काहीच कळेना.

मी हरले. दोन्ही बाजूंच्या लोकांनी भरभरून दिलं. चढाओढीनं दिलं. मावशींचा पदर सावरेना. मला त्यातलं काही दिसत नव्हतं. माझं सूडाचं ओझं मी तसंच उचलून घरी आणलं. बोलला असता तर बरं झालं असतं. आता मी काय करू त्याचं?

२० जानेवारी

छत बसलं. लेकरं आत गेली. बायांनी मला लेकरं हातात दिली, त्या दिवसाचं कुणी काही बोललं नाही. पत्र्यावर बोर्ड नाही. मावशींनी दोन्ही बाजूंच्या चाहत्यांचे बोर्ड खाली घालून त्यावर पाण्याचा माठ ठेवलाय.

ताडकळसच्या पोरींना अभ्यासिका पाहिजे म्हणून तिसरा सामना ठरला. मावशींनी मला विचारलं, मी हो म्हणाले. ह्या वेळी धूळ चारते त्याला. सोडत नाही.

आवाज बसलाय. खालच्या सुरांनी घसा सोलून निघाला. बोलताही येत नाही.

२३ जानेवारी

महारुद्रभाऊंबरोबर सिद्धोधननं ज्येष्ठमध पाठवलंय. निरोप असा – बसलेल्या गळ्याला हरवण्यात मजा न्हाई, हे चघळ, थंड पाणी पिऊ नको. पुडी खिडकीतून फेकणार होते. दिवसभर हातातच होती. आत्ता एक काडी तोंडात टाकलीय.