आठ वाजताचा चार्ज

प्रिय देवश्री,

फोनवर तू ‘हाँ दादी, बिल्कुल दादी’ करतेस आन् कम्प्युटरात पाहून राहतेस, म्हणून कागद घेतला. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, दमानं वाच.

तुझ्या आजोबायले समता कॉलनीतल्या म्हाताऱ्यायच्या होममध्ये ठेवून आठ महिने झाले. जेवतात, दाढी करू देतात. मले ओळखत नाहीत. पन्नास वर्षं ओळखून तरी काय दिवे लावले होते. त्रास एकच, झोपेचा. दिवे लागले की खाटेवरून उठून दाराशी उभे. सिस्टरनं दहादा निजवलं तर अकराव्यांदा उभे. मग डॉक्टरनं झोपेची गोळी लावली. सही तुझ्या बापाची, पण कर म्हणणारी मीच. थकली होती मी, खोटं काहून सांगू. गोळीनं झोपले, ते सकाळीही झोपलेलेच. घास तोंडातच राहायचा. एक दिवस न्हाणीत पडले, कपाळाले चार टाके.

तिथली क्षमा सिस्टर, बिलासपूरची पोट्टी, तिनं मले विचारलं, बाबूजी नोकरी कशाची करायचे? इतक्या महिन्यांत कोणी विचारलं नव्हतं. सांगितलं, रेल्वेच्या केबिनमध्ये बत्तीस वर्षं सिग्नल ओढले, रायपूर राजधानी झालं त्या साली रिटायर झाले. रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, येऊन चार्ज घेत नाही तोवर केबिन सोडायची नाही, असा कायदा. तुझा बाप जन्मला त्या दिवशी रिलीव्हर आला नाही, तर हे दुसरी पाळीही तिथंच. मी दवाखान्यात पडून शिव्या घालून राहिली होती. हे सांगता सांगताच माझ्या ध्यानात आलं. माणूस दाराशी रिलीव्हरची वाट पाहून राहिला होता, आन् आम्ही त्याले गोळ्या चारून राहिलो होतो.

तेव्हापासून त्यायचा जुना निळा कोट घालून मी रोज आठले चौबे कॉलनीतून रिक्षानं जाते. चार्ज द्या म्हणते. ते चार्जच्या वहीत सही करतात, मले करायले लावतात, आन् सकाळपर्यंत निजतात. गोळी बंद आहे. क्षमाची ड्युटी पाचले सुटते. रात्रीच्या सिस्टरले कोट घालून पाहिला, तिले हसू आलं. हसलं की ते चार्ज देत नाहीत.

आता माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, बारा तारखेले. पंधरा दिवस घराबाहेर पडायचं नाही. तुझा बाप म्हणते, तेवढे दिवस गोळी देऊ, काय होते. काय होते ते त्यायच्या कपाळावर आहे. तू ये. तुझा कम्प्युटर इथंही चालते. कोट खुंटीवर आहे. हसू नको, रडूही नको. नात आहे म्हणून सांगू नको, ते नात आठवत बसतील आन् चार्ज राहून जाईल. सही झाली की ते म्हणतात, निघतो भैया, घरी बायको जागी असन. मले रोज म्हणतात. तू नुसतं हव म्हण, आन् दिवा बंद कर.

तुझीच,
आजी