रोगाचं रक्त

दिंडोशी, गोरेगाव (पूर्व)
३ फेब्रुवारी १९८५

प्रिय जोसेफीन,

तुझं पत्र पोचलं. पाकिटावरचं बाहरीनचं तिकीट जयवंतनं वाफेवर सोडवून घेतलं आणि उरलेलं पत्र मला दिलं, म्हणजे घरात ज्याचा त्याचा वाटा ज्याला त्याला मिळाला. आम्ही सगळे मजेत. तुझी मम्मी परवा मरोळ नाक्यावर भेटली. गुडघ्यांनी जीव नकोसा केलाय म्हणाली आणि बोंबलांची पिशवी उचलून माझ्या पुढे निघून गेली. मीच मागे राहिले.

नाताळात तू मुद्दाम कारखान्यात फोन केलास आणि टेलिफोन-बोर्डावरच्या कोणा पुरुषानं 'नलिनीबाई रजेवर आहेत' म्हणून ठेवून दिला, असं लिहितेस. असेल बाई. तू गेल्यापासून बोर्डावर कोणीही बसतं. एवढं मनाला लावून घेऊ नकोस.

जयवंतच्या गिरणीचं विचारलंस. संप मोडला, गिरणी काही उघडली नाही. तो आता अंधेरीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये वॉचमन आहे. आयुष्यभर कापड विणलं, आता दुसऱ्यांनी शिवलेला खाकी कोट घालतो. सासूबाईंना कारण हवंय. घरात कुठंतरी शिवाशिव झाली, देव कोपला, म्हणून पोराची गिरणी गेली, असं त्या रोज देवापुढे बोलतात. देव ऐकून घेतो. मीही.

माझी तब्येत म्हणशील तर मी जाड झालेय. बांगड्या साबण लावूनही निघत नाहीत. थंडी तर अशी वाजते की स्वेटर घालून बोर्डावर बसते. खंडू शिपाई विचारतो, "बाई, सिमल्याला बदली झाली का?" आरशात बघते तर भुवया बाहेरच्या कडेनं नाहीशा होत चालल्यात. दिवसभर झोप येते. थोडक्यात, बायका ज्याला वय म्हणतात ते सगळं माझ्याकडे एकदम राहायला आलंय, भाडं न देता.

आणि दुसरं एक. हे वाचून झालं की पत्र फाडून टाक.

दिवाळीपासून माझी पाळी थांबतच नाही. एखादा आठवडा विसावा घेते, की पुन्हा सुरू. गाठी पडतात. मरून आणि काळी, एवढ्या दोनच साड्या नेसते. खुर्चीवर मेणकापडाची घडी ठेवते. मासिकाच्या कागदात गुंडाळून जे टाकायचं ते कारखान्यातच टाकते. रविवारी कारखाना बंद, म्हणून रविवारची मला धडकी भरते.

डॉक्टरकडे का जात नाहीस, विचारशील. अडचण अशी आहे की मला पाळी येतच नाही.

तुला आठवतं, महिन्यातले चार दिवस मी डबा आणत नसे आणि तू तुझ्यातली तांदळाची भाकरी मला मोडून द्यायचीस? घरी मी गॅलरीत, पाण्याच्या पिंपाशेजारी, चटईवर. बोर्डाला शिवलेलं चालायचं, कारण त्यातून पगार येतो. पोळपाटाला चालायचं नाही. तू बाहरीनला गेलीस त्याच वर्षी गणपतीच्या तोंडावर सासूबाईंचा हात कढईवर भाजला. चार दिवस रांधणार कोण? मी जाहीर करून टाकलं, "आई, माझं गेलं." एक्केचाळिसाव्या वर्षी. त्या म्हणाल्या, "बरी सुटलंस गो." त्या दिवसापासून नैवेद्य माझ्या हातचा.

आता कॉलनीतल्या डॉक्टरला काय सांगू? जे येतच नाही ते थांबत नाही म्हणून? त्याचा कंपाउंडर आमच्याच जिन्यात राहतो. मी दवाखान्यातून घरी पोचायच्या आत बातमी पोचलेली असेल.

थांबेल आपोआप. असं म्हणत इथवर आलेय. तू काळजी करू नकोस, मम्मीला काही लिहू नकोस.

तुझी,
नलिनी


दिंडोशी
९ एप्रिल १९८५

प्रिय जोसे,

तुझी दोन पत्रं आली, उत्तर उशिरा देतेय. मी सध्या पंख्याखाली, पलंगावर झोपलेली असते. उशाला शिरा. घाबरू नकोस, लॉटरी लागलेली नाही. कॅन्सर झालाय, म्हणजे झाला असावा असं सगळ्यांनी ठरवलंय.

झालं असं. मार्च अखेरीला बोर्डावर तिन्ही लाइनी एकदम वाजत होत्या. एक हात पुढे केला आणि पुढचं आठवत नाही. खंडूनं कारखान्याच्या गाडीतून घरी आणून सोडलं. मरून साडी होती, पण मरून रंगालाही काही मर्यादा असते. सासूबाईंनी दारातच बघितलं.

"ह्यां काय गो? तुझां गेलां हुतां ना?"

त्या वेळी खरं सांगायला तोंड उघडलं होतं, देवाशपथ. पण निघालं ते असं, "हो आई. पुन्हा आलं."

त्यांचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, आता गॅलरी. चटई घ्यायला मीच वाकले. त्यांनी माझा दंड धरला आणि मला सरळ पलंगावर नेऊन आडवं केलं. त्यांच्या धाकट्या बहिणीचं असंच झालं होतं म्हणे मालवणला. गेलेलं परत आलं, तिनं कोणाला सांगितलं नाही, आणि ती वर्षात गेली. मी म्हटलं, "आई, शिवाशिव होईल." तर म्हणाल्या, "गप ऱ्हव. रोगाच्या रक्ताक विटाळ नाय."

जोसे, हायकोर्टाच्या जज्जालाही इतका स्वच्छ निकाल देता आला नसता. रक्त तेच, बाई तीच. पाळीचं असेल तर पिंपाशेजारी, रोगाचं असेल तर पंख्याखाली.

मला मोठ्या हॉस्पिटलात त्याच घेऊन गेल्या. जयवंत बाहेर बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसला. आत डॉक्टरांनी विचारायचं आणि सासूबाईंनी सांगायचं. वय किती, मुलं किती, पाळी कधी गेली. "झाली की दीड वर्सां," त्या म्हणाल्या, आणि डॉक्टरांनी लिहून घेतलं. मी जीभ दाखवली तेवढीच. ती वापरली नाही. डॉक्टर शेजारच्या शिकाऊ पोराशी इंग्रजीत बोलले, पाळी गेल्यावर एवढं रक्त म्हणजे कॅन्सर धरूनच चालायचं. मला कळू नये म्हणून इंग्रजीत. जिनं चौदा वर्षं इंग्रजीत लाइनी जोडल्या तिला.

मग मराठीत म्हणाले, "आई, अंगात रक्त फार कमी आहे. आधी बाटल्या चढवू, मग पिशवी काढून टाकू. उशीर नको." मे महिन्यातली तारीख मिळाली. तोवर गोळ्या.

आता तुला कळलं असेल मी कुठं अडकलेय. त्यांनी जे लिहून घेतलं ते माझ्या खोट्यावर उभं आहे. पाळी गेलेलीच नाही हे कळलं तर ते कदाचित दुसरं काही शोधतील. पण ते सांगायचं म्हणजे सासूबाईंच्या देखत सांगायचं, कारण त्या माझा हात सोडतच नाहीत. माझ्यासाठी त्यांनी सोमवार धरलाय. परवा त्यांनी माझे पाय चेपले. चेपता चेपता म्हणाल्या, "किती थंड गो तुझे पाय." इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या पायांकडे ते सासरी नीट वळतात का एवढंच पाहिलं होतं.

आणि मी सांगायचं काय, तर दीड वर्षं तुमच्या देवाला विटाळाच्या हातचं जेवू घातलं म्हणून.

तुझ्यापाशी एक कबूल करते. मागच्या पत्रात लिहिलं की त्यांचा हात भाजला म्हणून मी खोटं बोलले. हात पंधरवड्यात बरा झाला होता. मला गॅलरी नको होती, एवढंच. दिवसभर बोर्डावर बसून यायचं आणि स्वतःच्या घरात पाणी मागून प्यायचं, ते नको होतं. खोटं मी माझ्यासाठीच बोलले. आणि आता त्या खोट्यामुळं माझी पिशवी जाणार, कदाचित मी पण. कधी कधी वाटतं, जाऊ दे. पंखा तरी आहे.

फोन करू नकोस. मी घरी आहे, बोर्डावर कोणी निरोप देणार नाही.

तुझी,
नली


दिंडोशी
२६ मे १९८५

प्रिय जोसेफीन,

सा. न. वि. वि. लिहायचा हा प्रसंग नव्हे, पण सुरुवात सुचेना, म्हणून सरळ रेषेतलं काहीतरी आधी लिहून घेतलं.

पिशवी आहे. मी पण आहे.

ॲडमिट झाले त्या संध्याकाळी एक लहानखुरी डॉक्टरीण आली. पहिल्यापासून सगळं पुन्हा विचारायला लागली. सासूबाई खाटेच्या कडेला बसून पाठ केल्यासारखं सांगत होत्या. "पाळी गेल्याक दीड वर्सां..." समोरच्या खाटेवरच्या बाईला त्याच सकाळी ऑपरेशन करून आणलं होतं. ती कण्हत होती. मला एकदम वाटलं, उद्या मला गुंगी देतील आणि तेव्हाही माझ्या वतीनं सासूबाईच सांगत असतील.

मी म्हटलं, "आई, थांबा. मी सांगते."

डॉक्टरीणबाईनं पेन थांबवलं. मी भिंतीकडे बघत सांगितलं. पाळी गेली नव्हती. एक महिनाही चुकली नव्हती. मी खोटं सांगितलं होतं. दिवाळीपासून थांबत नाही.

खाटेचा काठ हलला, म्हणजे सासूबाई उठल्या असाव्यात. मी बघितलं नाही. डॉक्टरीण मात्र माझ्याकडे टक लावून बघत होती. म्हणाली, "पुन्हा बोला."

"काय?"

"काहीही. आवाज किती दिवस असा आहे तुमचा?"

मी म्हटलं, वर्ष-दीड वर्ष. बोर्डावर बोलून बोलून बसला असेल.

मग तिनं गळा चाचपला. भुवया बघितल्या. थंडी वाजते का, झोप येते का, बद्धकोष्ठ आहे का. हातोडीनं घोट्याच्या मागे ठोकलं. पाय उडाला आणि परत येताना सरकारी फायलीसारखा सावकाश आला. तिला भयंकर आनंद झाला. धावत जाऊन ती मोठ्या डॉक्टरांना घेऊन आली, त्यांनीही ठोकून बघितलं. दुसऱ्या दिवशीचं ऑपरेशन रद्द. गळ्यात थायरॉइड नावाची ग्रंथी असते, ती माझी संपावर गेलीय. सगळं अंग मंदावतं, आणि बायकांना पाळी अशी धो धो येते. अशा अंगाला भूल दिली असती तर शुद्धीवर यायला जड गेलं असतं, असं मोठे डॉक्टर म्हणाले. या खेपेला मराठीत. पिशवीचा नमुना त्यांनी नंतर तपासायला घेतला, त्यात काही वाईट निघालं नाही. रक्ताचा रिपोर्ट आला, त्यात डॉक्टरीण म्हणाली तेच निघालं.

एवढे महिने कारण माझ्या गळ्यात होतं आणि कोणाला ऐकू आलं नाही, कारण बोलत होत्या सासूबाई.

घरी येताना रिक्षात जयवंत पुढे ड्रायव्हरशेजारी, मागे आम्ही दोघी. त्यांनी पदर आवरून मध्ये वीतभर जागा ठेवली होती. जोगेश्वरीला आल्यावर म्हणाल्या,

"गणपतीत पण?"

"हो."

"दोनव वर्सां?"

"हो आई."

पुढच्या सिग्नलला म्हणाल्या, "म्हणान माझ्या झिलाची गिरणी गेली."

मी म्हटलं, "आई, गिरणी आधी गेली. खोटं नंतर." त्यांनी बोटांवर मोजलं. जुळेना. पुन्हा मोजलं. मला वाटतं, त्या जरा निराश झाल्या. जयवंतनं मागे वळून बघितलं नाही, पण त्याचे खांदे हलले. हसला की काय, ठाऊक नाही. त्याला सगळं माहीत होतं का, हे मी अजून विचारलेलं नाही, आणि तो सांगणारही नाही.

आमच्या वळणावर त्या बाहेर बघत म्हणाल्या, "मोदक मात्र चांगले झाले हुते."

यावरून तू काही गोड समजू नकोस. घरी आल्यावर त्यांनी घरभर गोमूत्र शिंपडलं, डबे धुतले, देव घासले. मग गॅलरीत चटई टाकली. रक्त आता रोगाचं राहिलं नव्हतं. मी गेले. अजून इथंच आहे, पिंपाशेजारी; हे पत्र पिंपाच्या झाकणावर लिहितेय. गोळी एवढीशी आहे, पांढरी, रोज सकाळी उपाशीपोटी, जन्मभर. डॉक्टरीण म्हणाली, धीर धरा, अंगाला उठायला वेळ लागेल. रक्त कमी झालंय, थांबलेलं नाही. आणि थांबलं तरी पुढच्या महिन्यात रीतसर येईल, आणि मी रीतसर इथं येईन. आता तर खोटंही उरलं नाही बोलायला. काल चटईवर पाठ टेकली तर खाली जुनी गोधडी घातलेली होती. कोणी घातली विचारलं, तर स्वयंपाकघरातून उत्तर आलं, "माका काय म्हायत?" पाणी मात्र अजून मागूनच प्यावं लागतं.

हे सगळं लिहिलं, पण ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते राहिलंच.

नाताळात तू फोन केलास. घंटी वाजली, मी उचलला, तुझा आवाज ओळखला. फार आनंद झाला. नुसतं 'हॅलो' म्हटलं. आणि तू म्हणालीस, "भाईसाब, जरा नलिनीको दो ना." सगळेच म्हणतात. रोज दहा जण भाईसाब म्हणतात, मी लाइन जोडून देते. पण तू माझ्या शेजारी सात वर्षं बसलेली. तुलाही ओळखू आलं नाही, तेव्हा मला वाटलं, नलिनी खरंच कुठंतरी गेलीय. म्हणून मी म्हटलं, ती रजेवर आहे. आणि ठेवला.

पुढच्या सोमवारपासून कामावर जातेय. दुपारी दोननंतर बोर्डावर मी एकटीच असते. फोन कर. पलीकडून पुरुष बोलला तर ठेवू नकोस.

रजेवरून परतलेली,
नली