कोरा पट्टा

अण्णा, तुमच्याबद्दल लोक अजून चांगलं बोलतात आणि मला ते ऐकवत नाही. परवा क्रांती चौकात तुमच्या केबल ओढणाऱ्या गँगमधला एक जुना माणूस भेटला. गाडी आडवी घालून थांबला आणि भर रहदारीत तुमचे गोडवे गायला लागला. "मुकादम म्हंजी वाघ व्हता बाई. शिडी नाय, पट्टा नाय, खारीवानी सरसर खांबावर!" मागून रिक्षावाले हॉर्न वाजवत होते आणि मी मान डोलवत उभी. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते खोटं नाही. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, तरी तुमचं दूध वाढतंच आहे.

मी आता तुमचंच काम करते. म्हणजे तुम्ही जे करतो म्हणून सांगायचात ते. शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत फायबर केबल टाकणाऱ्या तीन टीम माझ्या हाताखाली आहेत. सकाळी आठला सगळ्यांना ओळीत उभं करते. सुरक्षेचा पट्टा आता नुसता कमरेचा राहिलेला नाही. खांद्यांवरून आणि मांड्यांमधून येतो, त्याला दोन हूक असतात, एक सोडताना दुसरा अडकलेला राहावा म्हणून. प्रत्येकाचा पट्टा मी स्वतः ओढून बघते, शिलाई बघते, हूक नीट मिटतो का बघते. खांब बुडाशी गंजलाय का, विजेची तार किती लांब आहे, खालचा रस्ता अडवलाय का, हे झाल्याशिवाय कुणी चढत नाही. जमिनीखालच्या चेंबरचं झाकण काढलं की आधी आतली हवा तपासायची, मग माणूस उतरवायचा. केबल किती वाकवायची यालासुद्धा माप आहे. तुम्ही हे सगळं बघून तंबाखू मळत हसला असतात. "कागद वाचून खांबावर चढता येत नसतं बाई," हे तुम्ही माझा डिप्लोमाला नंबर लागला त्या दिवशी म्हणाला होतात, तोंडात माझाच पेढा असताना. मला तेव्हा राग आला नव्हता. मला ते खरं वाटलं होतं, आणि त्याची आज लाज वाटते.

तुमचा एक मंत्र होता, "दोन मिन्टाचं काम हाय." खांबावर चढणं दोन मिनिटांचं, रस्त्यात खड्डा उघडा टाकून चहाला जाणं दोन मिनिटांचं, चालू विजेच्या तारेला खेटून केबल ओढणंही दोन मिनिटांचंच. तुमचं हे शौर्य माणसं बघत असली की जास्तच उफाळून यायचं. शाळा सुटायच्या वेळेला तुम्ही मुद्दाम एका हातानं लटकून दाखवायचात. गँगमधल्या ज्याला भीती वाटे त्याला तुम्ही बांगड्या भरायला सांगायचात. मी बांगड्या घालून तीन टीम सांभाळते अण्णा, आणि माझ्याकडचा एकही माणूस अजून पडलेला नाही. तुमच्याकडचा पडला.

तो मंगळवार मला अजून लख्ख दिसतो. आधीच्या शनिवारी ठेकेदारानं गँगसाठी नवा पट्टा पाठवलेला असतो, जुन्याची कडी तुटली म्हणून. तुम्ही तो गाडीतून थेट घरी आणता. आपली म्हैस दावी तोडून शेजाऱ्याच्या कोबीत शिरायची, रोज भांडण. तुम्ही पट्ट्याची नायलॉनची दोरी हातानं ताणून बघता आणि खुश होऊन आईला म्हणता, "हे बघ, आता कशी तोडती ते बघू." पट्टा गोठ्याच्या मेढीला, दोरी म्हशीच्या गळ्यात. माणसाचा जीव धरायला आलेली वस्तू तुम्ही जनावराला बांधलीत. आणि ती चांगलीच होती, यात शंका नाही. त्या तीन दिवसांत म्हैस एकदाही सुटली नाही.

मंगळवारी दिवेलागणीच्या आधी तुम्ही गंगापूरहून परत आलात. सदऱ्यावर रक्त होतं, तुमचं नव्हतं. घरात न येता सरळ गोठ्यात गेलात, म्हशीला जुन्या दोरखंडानं बांधलंत आणि शेणानं भरलेला पट्टा माझ्यापुढे टाकलात.

"घास. सोडा टाकून घास. वास राह्यला नाय पायजे."

"काय झालं अण्णा?"

"पडला तो खांबावरून. दवाखान्यात हाय. कंबर गेली, डोक्याला मार हाय."

तो म्हणजे करमाडचे काका. तुमचा जोडीदार, पोळ्याला न चुकता आपल्याकडे पुरणपोळी खाणारा, मला सायकल शिकवणारा. मी सोडा आणला, ब्रश आणला, हौदाच्या कडेला बसून घासायला लागले. तुम्ही शेजारी उकिडवे बसलात आणि मग जे बोललात ते पुन्हा आयुष्यात कधी बोलला नाहीत. "त्यानं मागितला व्हता. म्हणला, नवा पट्टा आलाय ना मुकादम, द्या की. म्या म्हणलं, दोन मिन्टाचं काम हाय, चढ." बाकीचे पुढच्या खांबाजवळ होते, कुणी ऐकलं नव्हतं. एवढं सांगून तुम्ही तोंड धुतलंत आणि चहा मागितलात. मी एकोणीस वर्षांची होते, लहान नव्हते. काय घासतेय ते मला कळत होतं. मी तरी घासलं, बकलाच्या फटीत काडी घालून घासलं.

दुसऱ्या दिवशी ठेकेदाराच्या ऑफिसात वरून आलेल्या साहेबांनी चौकशी केली. तुम्ही मला बरोबर नेलंत, कारण कागदावर काय लिहितात ते तुम्हाला वाचून दाखवायला कुणीतरी हवं होतं. तेव्हा मात्र माझा कागद चालला तुम्हाला! टेबलावर पट्टा ठेवलात आणि हात जोडून म्हणालात, "गाडीतच व्हता साहेब. म्या बांध म्हणलं, त्यानं ऐकलं नाय." साहेबांनी पट्टा उलटसुलट करून बघितला. "अगदी कोरा आहे. एकदाही बांधलेला दिसत नाही," म्हणाले, आणि लिहिलं की कामगाराच्या स्वतःच्या हलगर्जीपणामुळे अपघात झाला. ते वाक्य मीच तुम्हाला वाचून दाखवलं. तुम्ही अंगठ्याऐवजी सही केलीत, तुम्हाला तेवढीच येत होती.

काकांना त्या आठवड्यातलं काही म्हणजे काही आठवत नाही. डॉक्टरांनी सांगितलं, आठवणारही नाही. तुमचं नशीब बघा. तुम्ही जे सांगितलंत तेच त्यांनी स्वतःची आठवण म्हणून धरून ठेवलं. आणि तुम्ही काय केलंत, तर दर गुरुवारी दोन लिटर दूध घेऊन करमाडला जायला लागलात. त्याच म्हशीचं. गावभर नाव झालं, मुकादम किती मायाळू. चोर तो चोर, वर देवमाणूस! तुमच्या दहाव्याला काका शेअर जीपनं आले, काठी टेकत नदीपर्यंत गेले आणि माझ्यापेक्षा जास्त रडले. कावळा शिवेना तेव्हा त्यांनीच हात जोडून सांगितलं, "जा मुकादम, माझं काय राह्यलं नाय तुमच्याकडं." कावळा लगेच शिवला. मला तुमची तेव्हा जितकी किळस आली तितकी कधीच आली नाही.

काकूंच्या बोलण्यातून तो पट्टा अजून जात नाही. भाकरी वाढताना, कपडे वाळत घालताना, केव्हाही. "येवढा एक पट्टा बांधाया काय झालं व्हतं? आख्खी जिनगानी वाया घालवली माणसानं." पोरगा बापाशी कामापुरतं बोलतो. काका ऐकून घेतात. चूक माझीच व्हती, म्हणतात. पट्टा मागणारा तुमच्या गँगमधला तो एकच शहाणा माणूस होता अण्णा, आणि त्याच्याच घरात त्याला मूर्ख ठरवून तुम्ही आरामात मेलात.

इथवर लिहिलं ते सगळं खरं आहे आणि तुम्ही त्याच लायकीचे आहात. पण एक गोष्ट लिहायची राहिली आहे, ती लिहायला मला चहा करून यावं लागलं.

माझ्याकडे नवीन माणसं आली की त्यांना पट्ट्याचं महत्त्व पटत नाही. चित्रं दाखवा, नियम वाचा, सगळे मोबाइलमध्ये. म्हणून चार वर्षांपूर्वी मी काकांना बोलावलं. ते खुर्चीत बसतात, काठी मांडीवर आडवी घेतात आणि सांगतात. "पोरांनो, मी लई हेकट व्हतो. मुकादम सांगत व्हता बांध म्हणून, म्या ऐकलं नाय. बघा माझी गत." त्यांचं बोलणं संपेपर्यंत कुणी हलत नाही. त्यानंतर माझी माणसं कमरेएवढ्या शिडीवर चढतानासुद्धा पट्टा बांधतात. वरचे साहेब मला शाबासकी देतात की तुमच्या टीमला शिस्त आहे. काकांनाही बरं वाटतं. आपल्या चुकीचा कुणाला तरी उपयोग झाला, म्हणतात.

गेल्या महिन्यात एकानं मध्येच विचारलं, "काका, मग पट्टा होता कुठं?"

"गाडीत व्हता. कोरा. मॅडमच्या वडलांनी सायबाला दाखवला ना." मग ते माझ्याकडे वळले. तो दिवस त्यांना आठवत नाही, म्हणून ते नेहमी मलाच विचारून खात्री करून घेतात. "तू व्हतीस ना बाई तिथं. आसंच झालं व्हतं ना?"

मी म्हणाले, "व्हय काका."

येत्या सोमवारी अकरा नवीन माणसं रुजू होताहेत. करमाडला गाडी पाठवायचं मी आजच सांगून ठेवलं आहे.